बडोद्याच्या कॉलेजचा पूर्वपक्ष

मनवेलपाडा, विरार पूर्व
११ मे

श्री. कौस्तुभ यांस,

तुमचं पाकीट काल पोचलं. हाताला इतकं जड लागलं की आधी वाटलं, माझा संस्कृत कोश शेवटी परत केलात. उघडलं तर कॉलेजचं माहितीपत्रक. कोश अजून तुमच्याकडेच आहे असं धरून चालते. तुम्ही विकता त्या पंपांच्या खोक्यांखाली टेकू म्हणून तरी उपयोगी पडत असेल.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपण दोघं एकमेकांना ऐकू येणार नाही अशी व्यवस्था तुम्ही बडोद्याला गेलात त्याच वर्षी मी केली, आणि ती अजून उत्तम चालते. आपल्या संसारातली इतकी टिकलेली दुसरी वस्तू मला आठवत नाही.

माहितीपत्रक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ते छापणाऱ्यानंतर ते वाचणारी मी पहिलीच असेन. पानापानावर हिरवळ आहे आणि हिरवळीवर चार मुलं लॅपटॉपकडे बघून हसताहेत. मार्केटिंगच्या पदवीत एवढं हसण्यासारखं काय असतं ते कुठेही दिलेलं नाही. ग्रंथालयाच्या फोटोत एका मुलीनं छातीशी पुस्तक धरलंय, मिटलेलं. ते उघडल्याचा फोटो नाही. ‘जागतिक दर्जा’ हे शब्द उपाहारगृहासाठी, क्रीडांगणासाठी आणि पार्किंगसाठीही वापरले आहेत. पार्किंगला जागतिक दर्जा कसा येतो ते तुम्ही त्या धंद्यातले असल्यामुळे सांगू शकाल.

ऋतिकाचे बारावीचे मार्क तिनं तुम्हाला कळवले असतीलच. तुमचे रविवारचे फोन मी ऐकत नाही, पण या फ्लॅटच्या भिंती बिल्डरनं बांधल्या आहेत. कॉमर्सला तिला चांगले मार्क पडले. तिनं संस्कृत घेऊन बी.ए. करावं असं मी सुचवून पाहिलं. ती म्हणाली, “आई, माणसाला नको असलेली वस्तू हवीशी का वाटते, ते मला शिकायचंय.” मी म्हटलं, त्याला उद्योग नसतो म्हणून. ती म्हणाली, “बघ, तुला तीन वर्षांचा कोर्स एका वाक्यात येतो. मला यायला वेळ लागेल.” ही जीभ माझी नाही. माझ्या माहेरी सगळे अबोल.

तर मार्केटिंगच ठरलंय. प्रश्न फक्त कुठे, एवढाच. तीन नावं आहेत. एक इथलं विरारचं नवीन इन्स्टिट्यूट, दुसरं वसईचं जुनं कॉलेज आणि तिसरं तुमचं हिरवळवालं. पहिल्या दोहोंत ती रोज रात्री जेवायला घरी असेल, तिसऱ्यात नसेल. मी फक्त नोंद करते आहे, मत देत नाही.

निवड कशी होणार तेही कळवून ठेवते, म्हणजे मागाहून तक्रार नको. ऋतिका लहान असताना मी तिला माझ्या संस्कृत पाठशाळेतला एक नियम लावून दिला होता. कुठलीही गोष्ट नाकारायची तर आधी समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडून दाखवायची. समोरच्यानं मान डोलावून “हो, हेच माझं म्हणणं” असं म्हटलं, की मगच आपल्याला ती खोडून काढायचा अधिकार. तोवर नाही. याला पूर्वपक्ष म्हणतात. मुलीनं कारल्याच्या भाजीसमोर रडू नये म्हणून मी तो शिकवला. तिनं कारल्याची बाजू इतकी सुरेख मांडली की पुढे खोडणं तिलाच जमलं नाही, आणि आजही ती कारलं खाते. तुम्ही तेव्हा टूरवर होतात.

याही वेळी तोच नियम. पूर्वपक्ष मी मांडायचा, कॉलेजच्या बाजूनं मान डोलवायची की नाही ते ती ठरवणार. तुमच्या कॉलेजलाही तो मान मिळेल. लायकी पाहून नव्हे, नियम म्हणून.

खुशाल असाल असं समजते.

लतिका


मनवेलपाडा
२५ मे

श्री. कौस्तुभ यांस,

तुमचं उत्तर आलं. “निर्णय भावनेच्या भरात घेऊ नये” हे वाक्य आवडलं. ज्या माणसानं बडोद्याची बदली दुपारच्या जेवणात मागून घेतली, त्याच्याकडून ते जास्त शोभतं.

विरारचं इन्स्टिट्यूट पाहून आलो. ते टाइल्सच्या दुकानावर आहे. जिना एकच असल्यामुळे विद्येकडे जाणारा आणि बाथरूमच्या फरशीकडे जाणारा माणूस काही काळ बरोबर चालतो. वर दिपिका नावाची काउन्सेलर होती. वयानं ऋतिकाहून चार वर्षांनी मोठी असेल. मे महिन्यात काळा कोट घालून बसली होती, कारण एसी तिच्याच केबिनमध्ये आहे. वर्गांत नाही.

“मॅम, आम्ही डिग्री नाही देत, आम्ही करिअर देतो,” तिनं सुरुवात केली.

“मग डिग्री कोण देतं?”

“ती युनिव्हर्सिटी देते ना, मॅम.”

“आणि शिकवतं कोण?”

“इंडस्ट्रीमधून लोक येतात, मॅम. प्रॅक्टिकल नॉलेज. पुस्तकी नाही काही.”

पुस्तकी काही नाही हे ग्रंथालय मागितल्यावर पटलं. ते ई-लायब्ररी आहे आणि चोवीस तास उघडं असतं. दाखवा म्हटलं तर बंद होतं. “चावी सरांकडे असते,” दिपिका म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका निष्पाप होता की मला तिच्या आईची काळजी वाटली.

तिथे एक भिंत आहे. तिच्यावर नोकरीला लागलेल्या मुलांचे फोटो लावलेत. ऋतिकानं मला कोपरानं ढोसलं. दुसऱ्या ओळीत आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा संकेत, आणि खाली लिहिलेलं ‘ब्रँड स्ट्रॅटेजिस्ट’. संकेतला तुम्ही ओळखत नाही, तुमच्यानंतर ते कुटुंब राहायला आलं. सोसायटीत पाण्याचा टँकर आला की झाकण उघडून पाइप सोडायचं काम सध्या तो करतो, तेही आई ओरडली तरच. जिन्यात भेटला तेव्हा विचारलं. म्हणाला, “काकू, फोटोवाला आला होता. मला वाटलं आयकार्डसाठी काढतायत. म्हणून तर शर्ट घातला.”

घरी येऊन मी पूर्वपक्ष मांडला. चालत जाता येतं. मुलीची दगदग नाही. अभ्यासक्रम नवीन आहे, इतका की नावसुद्धा अजून ठरलेलं नाही, पाटीवर एक आणि पावतीवर दुसरं आहे. शिक्षक बाजारातले आहेत, म्हणजे मोकळे असतील. ऋतिका दिपिकासारखा खांद्यावर नसलेला कोट सारखा करून ऐकत होती. शेवटी मान डोलावून म्हणाली, “हो मॅम, हेच आमचं म्हणणं.” मग खंडन मला करूच दिलं नाही, स्वतःच केलं.

“आई, जे मार्केटिंग शिकवतात म्हणतात, त्यांना स्वतःला विकता येत नाहीये. संकेतला ब्रँड स्ट्रॅटेजिस्ट म्हणून लावायचं तर निदान विरारच्या बाहेरच्या लोकांना तरी दाखवा.”

विरार संपलं.

तुमच्या कॉलेजकडून तिला ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं आलंय हे तिनं सांगितलं. बघू.

लतिका


मनवेलपाडा
८ जून

श्री. कौस्तुभ यांस,

वसईचं कॉलेज पाहिलं, आणि एक विचित्र गोष्ट घडली. मला नाव ठेवायला जागा शोधावी लागली.

अर्थात सापडली. ऑफिसातला क्लार्क जेवणाच्या सुट्टीनंतरही खिडकी उघडत नाही, माणूस समोर उभा राहिला की कॅलेंडर वाचतो. वर्गातला पंखा फिरताना अशी मान हलवतो की त्याला काहीच पटत नसावं. बाकांवर मागच्या पंधरा वर्षांतली प्रेमप्रकरणं कोरलेली आहेत. पण फोटोंची भिंत नाही, हिरवळ नाही, आणि कुणी हसत नव्हतं. मला बरं वाटलं.

तिथे मार्केटिंग शिकवणाऱ्या फ्लॉसी मॅडम म्हणून एक बाई आहेत. वसईच्याच. पांढरे केस, सुती फुलाफुलांचा ड्रेस, नाकावर चष्मा. ऋतिकाला म्हणाल्या, “ये बाय, बस. आईनं आणलं का तू आईला आणलंस?”

“मी आईला,” ऋतिका म्हणाली.

“बेस. मग तुझ्याशीच बोलते. आमच्याकडे नोकरी लावून देतो असं कोण बोलला तर खोटं समज. मी ओळखीत फोन करते, दोघातिघांना लागते. बाकीचे आपले आपण शोधतात. पहिल्या सहामाहीत मी पोरांना सुकेळी देते, बाजारात विकायला.”

सुकेळी तुम्हाला आठवत असतील, उन्हात वाळवलेली वसईची केळी. तुम्ही ती बघून “हे काय आहे” असं विचारलं होतंत आणि मग एकट्यानं संपवली होतीत.

“नाही विकली गेली तर?” ऋतिकानं विचारलं.

“तर खायची. गेल्या वर्षी एक पोरगा आठवडाभर खात होता. आता त्याचं बरं चाललंय.”

घरी आल्यावर मी पूर्वपक्ष मांडला. या वेळी काही अडखळायला झालं नाही. कॉलेज जुनं आहे, फी माणसासारखी आहे, शिकवणारी बाई खरं बोलते, संध्याकाळी मुलगी घरी असते, घरचं जेवते, पावसात भिजली तर कोरडा टॉवेल हाताशी असतो, आजारी पडली तर डॉक्टर खाली आहे, आई समोर आहे. मी बरंच बोलले असावे, कारण मधे आमटी करपली.

ऋतिका हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. मान डोलावली नाही.

“हा पूर्वपक्ष नाहीये, आई.”

“मग काय आहे?”

“स्थळ सुचवतेयस तू. फ्लॉसी मॅडम टॉवेलबद्दल काहीच नव्हत्या बोलल्या.”

मग तिनं ते कॉलेज स्वतः मांडलं, चार वाक्यांत, आणि चांगलं आहे असं म्हणाली. नाकारलं नाही. “पण अजून एक राहिलंय,” एवढंच म्हणून ताट उचलून आत गेली.

राहिलेलं राहू द्यावं असं माझं मत आहे. वसईला जागा मिळते आहे, प्रवेश याच महिन्यात घ्यायचा आहे. तुम्ही आता विषय सोडलात तर तुमचाही वेळ वाचेल. पंप वाट बघत असतील.

लतिका


मनवेलपाडा
१५ जून

श्री. कौस्तुभ यांस,

तुमचं पत्र चिडून लिहिलेलं दिसतं. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलंय. चिडत जा.

बुधवारच्या ऑनलाइन मुलाखतीच्या वेळी आमच्याकडचं नेट गेलं होतं, हे ऋतिकानं तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. विरारमध्ये नेट जातं, वीज जाते, पाणी तर येतच नाही. यात कारस्थान शोधणं म्हणजे महापालिकेला फार बुद्धी असल्याचं मानण्यासारखं आहे.

फक्त आमच्याच घरचं गेलं आणि शेजारी चालू होतं, हेही खरं आहे. त्या वेळी मी टीव्हीमागची धूळ पुसत होते. धूळ फार होती. तो वाय-फायचा डबा मधे येत होता, तो काढून ठेवला. धूळ पुसून होईपर्यंत मुलाखतीची वेळ टळून गेली, हा योगायोग आहे. मी घर स्वच्छ ठेवते याबद्दल तुमची पूर्वीही तक्रार असे.

ऋतिका बाहेर आली. डबा परत लावला, त्याच्यावरचे दिवे लागेपर्यंत समोर उभी राहिली, आणि मग बडोद्याला स्वतः फोन करून दुसरी वेळ मागून घेतली. फोनवर त्यांना काय सांगितलं ते भिंतीतून ऐकू आलं. “माझी आई थोडी पारंपरिक आहे, तिला माझी काळजी वाटते, पण ती तुमच्या कॉलेजबद्दल खूप विचार करतेय.” यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि सगळं मिळून सपशेल खोटं होतं. त्यांनी लगेच शुक्रवारची वेळ दिली. या मुलीला तो कोर्स तीन वर्षं का करायचा आहे हे मला खरोखर समजत नाही.

शुक्रवारी मुलाखत झाली. धूळ नव्हती. तिला घेतलंय असं संध्याकाळीच कळवलं त्यांनी.

आता ती म्हणते, पूर्वपक्ष. मी म्हटलं, वेळ नाही, शाळा उघडतेय, नववीच्या मुलांनी सुट्टीत लिहिलेली संस्कृतची शब्दरूपं तपासायची आहेत. ती म्हणाली, “येत्या रविवारी. नियम तुझा आहे.”

तुमच्या पत्रात त्या कॉलेजच्या गुणांची एक जंत्री पाठवलीत, मला मांडायला सोपं जावं म्हणून. आभारी आहे. मला विरोधकाची मदत घ्यायची सवय नाही, पण पंपविक्याला न विचारता माहितीपुस्तिका देण्याची सवय असते हे जाणते.

लतिका


मनवेलपाडा
२२ जून

कौस्तुभ,

तुमचं शेवटचं पत्र परवा मिळालं. आधी आज सकाळचं सांगते, मग त्या पत्राकडे येते.

रविवार म्हणून वालाचं बिरडं करायचं होतं. परात मधे घेऊन मी आणि ऋतिका मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. तिनं विषय काढला नाही. तिचा असा स्वभाव आहे, समोरचा स्वतःहून बोलेपर्यंत हात चालू ठेवायचे. मी सुरुवात केली.

म्हटलं, बडोद्याचं कॉलेज मोठं आहे. आजूबाजूला कारखाने आहेत, मुलांना सुट्टीत कामाला घेतात, कंपन्या दारात येतात.

“नाही,” ती म्हणाली. “माझं म्हणणं अजून नाही आलं.”

म्हटलं, शहर चांगलं आहे. तिथे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहतो, परकं वाटणार नाही. घराबाहेर पडल्यावर मुलीला व्यवहार कळतो. आईच्या पदराशी राहून तो कळत नाही.

“हे छान होतं. पण नाही.”

मग मी तुमची जंत्री सांगितली, सगळी. जागतिक पार्किंगसुद्धा. ती हसली, वाल सोलत राहिली, आणि म्हणाली, “आई, तू बाबांचं म्हणणं मांडतेयस. मी माझं मांड म्हणतेय.”

मला पाठशाळेतले दिवस आठवले. पूर्वपक्ष चुकत असला की गुरुजी काही सांगत नसत, नुसते बघत. आणि आपल्याला कळायचं की अडचण ज्ञानाची नाही. आपल्याला ते वाक्य माहीत असतं, उच्चारायचं नसतं.

मी परातीत बघून म्हटलं, “तुला कॉलेज कुठलंही चाललं असतं. वसईचं तुला जास्त आवडलंय. पण बाबा तिथे राहतात. तू सातवीत असताना ते गेले, त्यानंतर तुझ्या वाट्याला रविवारचा फोन आणि दिवाळीतले दोन दिवस. तुला तीन वर्षं त्यांच्या घरी राहायचंय. ते सकाळी चहा कसा पितात, कशावर चिडतात, हे बघायचंय. नोकरीला लागलीस, लग्न झालं, की मग ते कधीच व्हायचं नाही. म्हणून आत्ता.”

तिनं सोललेला वाल हातात तसाच धरला. मग मान डोलावली.

“हो. हेच माझं म्हणणं.”

आता खंडनाचा अधिकार माझा होता. आणि कौस्तुभ, खंडन माझ्याकडे तयार होतं. तुमचं परवाचं पत्र मी घडी घालून डब्यांच्या फळीवर ठेवलं होतं. तुम्ही लिहिलंत, “हॉस्टेल उत्तम आहे, मी खोलीसाठी नाव घालून ठेवतो. माझ्याकडे राहणं सोयीचं नाही, महिन्यातले बरेच दिवस फिरतीवर असतो आणि दुसऱ्या खोलीत नमुन्याचे पंप आहेत. हे ऋतिकाला तूच समजावून सांग.” पत्र तिच्या हातात दिलं असतं तरी पुरलं असतं. ती वसईला गेली असती, रोज रात्री घरी जेवली असती. आयुष्यात इतका सोपा वाद मला कधी मिळाला नव्हता.

तिनंच विचारलं, “परवा बाबांचं पत्र आलं ना? काय म्हणतायत?”

मी म्हटलं, “तुझी खोली तयार करतायत.”

ती उठली, हात पुसले आणि आत जाऊन कपाट उघडलं. बराच वेळ हँगर वाजत होते. बिरड्याचे उरलेले वाल मी एकटीनं सोलले.

मार्केटिंगबद्दल माझं मत बदललेलं नाही. जो माल आपण पाहिला नाही, ज्याच्यावर आपला विश्वास नाही, तो दुसऱ्याच्या डोळ्यांत बघून खात्रीनं विकणं याला मी आजही हीन काम मानते. ते आज मी केलं, आणि माझ्याच मुलीशी केलं. तुम्ही वीस वर्षं करत आहात. तुम्हाला झोप कशी लागते हे विचारायचं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं.

तर ऐका. हॉस्टेलचं नाव काढून घ्या. पंप कुठे ठेवायचे ते तुमच्या कंपनीला विचारा. गोदाम नसलेली पंपांची कंपनी असेल तर तिच्याबद्दलचं माझं मत बरोबर होतं. खोलीला खिडकी आहे का ते मला माहीत नाही. नसेल तर ती खोली तुम्ही घ्या आणि तुमची तिला द्या. तिला सकाळी उजेड लागतो. फिरती कमी करून मागा. तुम्ही बदली मागू शकता, हे आम्ही पाहिलेलं आहे. पहिला महिनाभर रात्री घरी राहा. ती कारलं खाते, पण गुळाशिवाय केलेलं खात नाही. ताप आला की सांगत नाही, पांघरूण घेऊन अभ्यास करते, त्यावरून ओळखायचं.

यातलं काही जमणार नसेल तर तिला फोन करून तुम्ही स्वतः सांगा. तुमच्या वतीनं मी ते सांगणार नाही, तुमच्या वतीनं मला जे सांगायचं होतं ते आज सांगून झालं.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं तिला पाठवते. स्टेशनवर या. स्वतः या, ड्रायव्हर नको.

लतिका